नमुना एकेचाळीस

सोपान ढमढेरे साडेअकराला आला,
स्कूटीच्या पायाशी बर्फाचा डबा,
विद्यापीठ चौकात पंचवीस मिनिटं अडकून.
"ताई, वितळलं नाही काही," म्हणाला,
आणि हेल्मेट माझ्याच टेबलावर विसरून चहाला गेला.

डब्यात दोन टॉन्सिल.
हडपसरचा मुलगा, वय सात. नाव आम्हाला कळवत नाहीत.
त्याला आत्ता कुणीतरी आइस्क्रीम भरवत असेल,
बोलायला मनाई असेल.
आम्ही ते कात्रीने बारीक करतो, जाळीवर घासून गाळतो.
खाली उरतं धुक्यासारखं पाणी,
आणि त्या धुक्यात कोट्यवधी बी पेशी.

यांचं काय सांगू.
शरीरातल्या इतर पेशी डीएनए पोथीसारखा जपतात,
एक अक्षर हललं तरी आत धावपळ.
आणि या बाया
ताप आला की आपल्याच पोथीला कात्री लावतात,
नेमक्या त्या पानाला, जिथे प्रतिपिंडाचा मजकूर असतो.
अक्षरं उलटीपालटी करून बघतात,
एखादं तरी जंतूच्या अंगाला घट्ट बसेल म्हणून.
तेवढा वेळ आतल्या पहारेकऱ्याला गुंगी देऊन ठेवतात,
नाहीतर पहिल्याच तुकड्याला तो शिट्टी फुंकेल.

दादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.
नारायण पेठेतल्या छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली त्यांनी.
"मुद्दाम चुका? आणि पगार कोण देतं त्यांना?"

दादांची एकच चूक छापून गेली, पान एकशे बारा.
आभाळ भरून आलं, असं हवं होतं.
आभाळ मरून आलं, असं आलं.
डोक्यावरची रेघ जराशी तुटलेली असली की भ,
सांधली गेली की म.
लेखकाने पुढच्या आवृत्तीत ते तसंच ठेवलं.
दादांनी त्याला माफ केलं नाही, स्वतःलाही नाही.

रात्री मी पेशींवर औषध घातलं, डीएनए तोडणारं.
पाषाणच्या टेकडीकडून कुत्री भुंकत होती.
अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली
हिरवे ठिपके उजळले. एक ठिपका, एक जखम.
मी मोजत बसले: तीन, अकरा, सात,
सोळा, पुन्हा तीन.

भरते की मरते, एवढाच प्रश्न
वाटायचा मला पहिल्या वर्षी.
पण एखादी जखम भरता भरता
पेशीचा स्वभावच पालटतो.
ती विभागणं सोडते, शिकणं सोडते,
फुगून प्लाझ्मा पेशी होते
आणि उरलेला जन्म एकच वाक्य छापत बसते,
सेकंदाला हजारो प्रती.
दुसरीला तेवढेच ठिपके, आणि ती पहाटेआत संपते.
शेजारीण येऊन तिला गिळून टाकते,
पसारा नाही, सुतक नाही.
का ही आणि का ती नाही,
याचं उत्तर माझ्या वहीत चार वर्षं पेन्सिलीने लिहिलेलं आहे.
शाईने लिहायचा धीर होत नाही.

पावणेपाचला एक दिसली.
नऊ ठिपके, एकही विझलेला नाही,
पहारेकरी अजून झोपलेला,
आणि ती मधोमध आवळत चाललेली,
दोन व्हायच्या बेतात.
भीती वाटते ती हिचीच.
वाढत गेली तर हिच्यासारखीचंच नाव
पुढे एखाद्या रिपोर्टवर ठळक अक्षरात येतं.
मुलाचं काही नाही, त्याचे टॉन्सिल तर इथे आहेत,
असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

दादा साडेपाचला उठतात. फोन केला.
"किती भ, किती म?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, एक आहे, ना धड भ, ना धड म,
रेघ तुटलेलीच, आणि तरी छपाई चालू.

पलीकडे स्टोव्हचा आवाज.
मग म्हणाले, "खोडू नकोस घाईने.
समासात खूण कर,
आणि मजकूर परत एकदा पहिल्यापासून वाच."